दिलेले आमंत्रण आणि अप्रिय वक्ता

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सोलापूरच्या चार हुतात्मा पुतळ्यांजवळून दररोज हजारो माणसे ये-जा करतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले, ही गोष्ट या शहरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यांतील कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवीत असत, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची वार्ता आली, लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, जमाव खवळला, आणि १२ मे पासून शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला. त्या सुमारे सात आठवड्यांत डोक्यावर गांधी टोपी असणे हेच अपराधाचे चिन्ह झाले होते. ‘कर्मयोगी’ पत्राचे संपादक रामकृष्ण जाजू यांना तुरुंगात जावे लागले. लिहिण्याबोलण्यावरच नव्हे, तर पेहरावावरही बंदी आली म्हणजे काय होते, याचा अनुभव हिंदुस्थानातील फार थोड्या शहरांना सोलापूरइतका आला असेल. म्हणून आजचा विषय या शहराला परका नाही. विद्यापीठात, महाविद्यालयात किंवा एखाद्या संस्थेच्या सभागृहात कोणाला बोलावावे, कोणाला बोलू द्यावे, आणि बोलावल्यानंतर विरोध झाला तर काय करावे, हा तो विषय.

सोलापूरच्या या प्रकरणाचा एक अंक पुण्यात घडला. लष्करी कायद्याच्या काळात मुंबई सरकारचे गृहखाते सर अर्नेस्ट हॉटसन यांच्याकडे होते. पुढील वर्षी गव्हर्नर रजेवर गेले आणि हॉटसन हंगामी गव्हर्नर झाले. २२ जुलै १९३१ रोजी ते फर्ग्युसन महाविद्यालयास भेट देण्यासाठी आले. वाडिया ग्रंथालयात ते हिंडत असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणाने गोळी अडली आणि हॉटसन वाचले. सोलापुरातील अत्याचारांचा सूड म्हणून हे कृत्य केले, असे गोगटे यांनी सांगितले. त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली, १९३७ मध्ये सुटका झाली, आणि पुढे ‘हॉटसन गोगटे’ याच नावाने ओळखले जाणारे हे गृहस्थ पुण्याचे महापौरही झाले.

सोलापूरकर या घटनेकडे कृतज्ञतेने पाहतात आणि ते स्वाभाविक आहे. चार निरपराध माणसे फासावर गेली होती. गेलेल्यांची दाद मागायला न्यायालयही आपले नव्हते आणि विधिमंडळही आपले नव्हते. पारतंत्र्यातील कृतीला स्वातंत्र्यातील गज लावून मोजणे बरे नव्हे. तरीही ग्रंथालयातील तो प्रसंग वाचताना एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पुस्तकांनी भरलेल्या त्या दालनात, विद्यार्थ्यांच्या गराड्यात, ‘सोलापुरात तुम्ही जे केले ते कोणत्या कायद्याने केले?’ असा एक प्रश्न त्या अधिकाऱ्याला समोरासमोर विचारण्याची सोय असती तर? ती सोय त्या राज्यात नव्हती. ती असावी यासाठीच तर पुढची राज्यघटना झाली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीसमोर डॉ. आंबेडकर यांनी हाच भेद स्पष्ट केला होता. घटनात्मक मार्ग उपलब्ध नसताना इतर मार्गांचे काही समर्थन होऊ शकते, पण ते मार्ग खुले झाल्यावर नव्हे, असा त्यांचा आशय होता.

फर्ग्युसनचे नाव निघाले तर त्या महाविद्यालयाचा आरंभीचा इतिहासही पाहावा, कारण महाराष्ट्रात या वादाचे मूळ तेथेच सापडते. गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक या दोघांनी १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचे पटेनासे झाले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. बालविवाह, विधवांचे केशवपन, सोवळेओवळे, श्राद्धपक्ष यांवर त्यांनी जे लिहिले, त्याने पुणे संतापले. जिवंत माणसाची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत मजल गेली, आणि ती त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागली. अशा मास्तरांमुळे संस्थेला वर्गणी कोण देणार, मुले कोण पाठवणार, ही चिंता डेक्कन एज्युकेशन सोसायटीत वारंवार व्यक्त होत असे. संस्था चालविणाऱ्यांची ही चिंता खोटी मानता येत नाही. धर्मादाय संस्थेचा गाडा देणगीदारांच्या विश्वासावर चालतो, हे या सभागृहातील प्रत्येक विश्वस्ताला ठाऊक आहे. परंतु १८९२ मध्ये प्राचार्यपद रिकामे झाले, तेव्हा सोसायटीने ते याच आगरकरांकडे दिले आणि १७ जून १८९५ रोजी मृत्यू येईपर्यंत ते त्या पदावर होते. शहराने ज्याची प्रेतयात्रा काढली, त्याच्या हाती शहरातील मुले सोपविली गेली. महाविद्यालय बुडाले नाही. ते आजही उभे आहे.

त्याच महाविद्यालयाने दहा-बारा वर्षांनी वेगळे धोरण दाखविले. १९०५ मध्ये वंगभंगाच्या चळवळीत पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. तिचा पुढाकार फर्ग्युसनच्या वसतिगृहात राहणाऱ्या विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याचा होता. प्राचार्य होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर, स्वतः मोठे बुद्धिवादी आणि स्वतंत्र विचारांचे गृहस्थ. त्यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. टिळकांनी ‘केसरी’त ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ या मथळ्याखाली त्यांचा समाचार घेतला. आज त्या वसतिगृहातील सावरकरांची खोली जपून ठेवलेली आहे आणि ती पाहायला लोक येतात. होळीत जळालेल्या मालाचे पैसे कोणा व्यापाऱ्याने मोजले असतील, हा विचार कापडाच्या पेठेत वाढलेल्या माणसाच्या मनात येतोच, पण तो येथे बाजूला ठेवू. लक्षात घेण्याची गोष्ट वेगळी आहे. आगरकरांची पाठराखण आणि सावरकरांची हकालपट्टी या दोन्ही गोष्टी एकाच संस्थेने, एकाच ध्येयवादाचा वारसा सांगत केल्या. सुधारकाचे बोलणे सोसणारे लोक राष्ट्रवाद्याचे बोलणे सोसतीलच असे नाही, आणि याच्या उलटही तितकेच खरे. अनुदानाचा धाक, सरकारी मर्जी, आणि ‘विद्यार्थ्याने अभ्यास करावा’ ही समजूत, यांचा मिळून एक फास तयार होतो. बहुतेक वेळा तो आवळणारे हात दुष्ट नसतात. भित्रे असतात.

या देशातील विद्यापीठाच्या व्यासपीठावरील सर्वांत गाजलेला प्रसंग मात्र काशीचा आहे. फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाचा कोनशिला समारंभ झाला. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज येऊन गेले, संस्थानिक जडजवाहिरांनी मढून आले होते. ६ फेब्रुवारीला दरभंग्याच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली गांधीजींचे भाषण झाले. ते दक्षिण आफ्रिकेतून परतून वर्षच उलटले होते. आपल्याला आपल्याच देशात परक्या भाषेत बोलावे लागते, हे लज्जास्पद आहे, असे त्यांनी प्रारंभीच सांगितले. मंदिराच्या गल्लीतील घाणीचा उल्लेख केला. संस्थानिकांच्या अंगावरील दागिने आणि देशातील दारिद्र्य यांची तुलना केली. पुढे व्हाइसरॉयच्या बंदोबस्ताविषयी आणि बाँब फेकणाऱ्या तरुणांविषयी बोलू लागताच ॲनी बेझंट यांनी त्यांना थांबण्यास सांगितले. श्रोत्यांतून ‘बोलू द्या’ असा गलका झाला. गांधीजी अध्यक्षांच्या अनुज्ञेची वाट पाहत राहिले, पुन्हा बोलू लागले, पुन्हा व्यत्यय आला, महाराजे उठून चालते झाले आणि भाषण अपुरे राहिले.

आता या अपुऱ्या भाषणाचे फळ पाहा. काही आठवड्यांनी बडोद्याहून घर सोडून काशीस आलेला, मूळचा कोकणातील गागोद्याचा एक वीस वर्षांचा तरुण वर्तमानपत्रांत त्या भाषणाची हकीकत वाचतो, बोलणाऱ्याला पत्र लिहितो, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दाखल होतो. तो तरुण म्हणजे विनोबा भावे. सभागृहातील ज्यांनी ते भाषण थांबविले, त्यांना याची कल्पनाही नसणार. शब्द एकदा सुटला की तो कोणाच्या कानी जाईल हे आयोजकाच्या हाती राहत नाही, आणि तो दाबला तर अधिक वेगाने जातो.

याचे दुसरे उदाहरण वीस वर्षांनी लाहोरला घडले. ते महाविद्यालयातील नाही, परिषदेतील आहे, पण बोलावून नंतर नाकारण्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही. जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या आपल्या वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदासाठी डॉ. आंबेडकरांना पाचारण केले. भाषणाची प्रत आधी पाहिल्यावर मंडळींना घाम फुटला. काही मजकूर गाळावा, असा आग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषदच रद्द झाली. मग त्यांनी ते न झालेले भाषण स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली, भाषांतरे निघाली. गांधीजींचे त्या भाषणाशी तीव्र मतभेद होते आणि ते त्यांनी ‘हरिजन’मध्ये मांडले. तथापि त्याच लेखात स्वागत समितीने लोकांना डॉ. आंबेडकरांचे विचार ऐकण्यापासून वंचित केले, याबद्दल समितीला दोष दिला, आणि आठ आण्यांची किंमत कमी करून ती दोन आणे, निदान चार आणे ठेवावी असेही सुचविले. ज्याचे खंडन करायचे त्याच्याच पुस्तकाची किंमत उतरवून ते अधिक लोकांपर्यंत जावे अशी इच्छा धरणे, ही विरोधाची एक रीत आहे. बाजारात स्पर्धकाचा माल स्वस्त व्हावा असे कोणी म्हणत नाही, म्हणून ती अधिक लक्षात राहते.

अलीकडच्या काळाकडे वळावे. १९७५ च्या डिसेंबरमध्ये, आणीबाणी चालू असताना, कराडला साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत लेखनस्वातंत्र्याबद्दल आणि आजारी जयप्रकाशांबद्दल बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली, पण व्यासपीठावरून त्यांना कोणी खाली उतरविले नाही. आणीबाणीत जे जमले ते पुढे सुखाच्या काळात जमले नाही. २०१० मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कला शाखेच्या अभ्यासक्रमातून रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही १९९१ ची कादंबरी कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारात काढून टाकण्यात आली. आक्षेप एका विद्यार्थी संघटनेचा होता. ज्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्या आक्षेपाचा पुढारी शिकत होता, त्याच महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी, फादर फ्रेझर मस्करेन्हस यांनी, या निर्णयाविरुद्ध जाहीर भूमिका घेतली, ही त्या प्रकरणातील समाधानाची बाब. बी. ए.च्या विद्यार्थ्याला एक कादंबरी वाचून ती आवडली नाही असे म्हणता येऊ नये, एवढा तो दुबळा आहे काय?

आणि मग यवतमाळ. जानेवारी २०१९ मध्ये तेथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन होते. उद्घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना आमंत्रण दिले होते. मराठीच्या संमेलनाला इंग्रजीत लिहिणारी उद्घाटक कशाला, असा आक्षेप निघाला आणि संमेलन उधळण्याची भाषा झाली. ज्यांना हा आक्षेप रास्त वाटला त्यांनी एवढे तरी पाहायला हवे होते की नयनताराबाईंचे वडील रणजित सीताराम पंडित हे महाराष्ट्रीय होते. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले, आणि स्वातंत्र्यलढ्यातील तुरुंगवासाने खचून १९४४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. अर्थात भाषेचा प्रश्न आमंत्रण देण्याआधी विचारला असता तर तो वादाचा विषय तरी झाला असता. आमंत्रण देऊन झाल्यावर, संमेलन तोंडावर आले असताना, आयोजकांनी ते मागे घेतले. विरोध करणाऱ्या पक्षाच्या नेतृत्वाने आपला विरोध नाही असे नंतर जाहीर केले, म्हणजे ज्या भयाने पाऊल मागे घेतले ते भयही उरले नाही, आणि तरी गेलेली शोभा परत आली नाही. अनेक निमंत्रितांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी अध्यक्षीय भाषणातच झाल्या प्रकाराबद्दल नापसंती नोंदविली. सहगलबाईंचे न झालेले भाषण वर्तमानपत्रांतून छापून आले, आणि संमेलनाच्या मांडवात जितके लोक मावले असते त्याच्या कितीतरी पट लोकांनी ते वाचले. लाहोरचीच पुनरावृत्ती. उद्घाटन शेवटी यवतमाळ जिल्ह्यातील एका आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नीने, वैशाली येडे यांनी केले. त्यांचे भाषण अंतःकरणाला भिडणारे झाले. ते एरवी त्यांच्याच हक्काने व्हायला हवे होते, कोणाच्या रिकाम्या झालेल्या जागी नव्हे.

सोलापूरनेही २००६ मध्ये मारुती चितमपल्ली यांच्या अध्यक्षतेखाली ७९ वे संमेलन भरविले होते. म्हणून यवतमाळच्या संयोजकांची अवस्था या शहरातील पुष्कळांना समजू शकते. मांडवाचे पैसे दिलेले, पाहुणे गाड्यांत बसलेले, आणि दूरध्वनीवर कोणीतरी सांगतो की अमुक वक्ता आला तर पुढचे आम्हाला ठाऊक नाही. अशा वेळी माघार घेणाऱ्याला शूर-भ्याड असे शब्द दुरून लावणे सोपे असते.

परंतु येथे दोन गोष्टींत फरक केला पाहिजे, आणि तो व्यापारी माणसाला चटकन पटेल. कोणाला बोलवावे हा संस्थेचा अधिकार आहे. एखाद्या वक्त्याला न बोलावणे म्हणजे त्याच्या स्वातंत्र्याचा संकोच नव्हे. आमच्या व्यासपीठावर येण्याचा जन्मसिद्ध हक्क कोणाला नाही. मात्र आमंत्रण एकदा गेले की ती हुंडी झाली. हुंडी लिहून दिल्यावर ‘शेजाऱ्याने दम दिला म्हणून सकारत नाही’ असे सांगणाऱ्या पेढीची पत दुसऱ्या दिवशी उरत नाही, मग शेजारी कितीही दांडगा असो. निवड करताना हवी तितकी चिकित्सा करावी, माहिती काढावी, विश्वस्तांच्या सभेत भांडावे, ठराव लिहून ठेवावा. त्यानंतर धमकीच्या एका दूरध्वनीने निर्णय फिरणार असेल, तर संस्थेचे खरे विश्वस्त ते दूरध्वनी करणारेच झाले. एकदा हे त्यांच्या ध्यानात आले की पुढच्या वर्षी ते अधिक किरकोळ कारणासाठी दूरध्वनी करतात.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्यावर कोणत्या कारणांसाठी वाजवी बंधने घालता येतील तेही त्याच अनुच्छेदात सांगितले. समाजासमाजांत वैर पेटविणाऱ्या भाषणाला फौजदारी कायद्यात शिक्षा आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण ‘लोक दंगा करतील’ हे कारण पुरेसे आहे काय? १९८९ मध्ये एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुरेसे नाही असे सांगितले. राखीव जागांवर टीका करणाऱ्या एका तमिळ चित्रपटाचे ते प्रकरण होते. निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येणार नाही, विरोधी जमावाला आवरता येत नाही असे सरकारला म्हणता येणार नाही, आणि बोलण्याचा धोक्याशी संबंध दारूच्या कोठारातील ठिणगीइतका जवळचा असला पाहिजे, असा त्या निकालाचा सार आहे. इंग्लंडमध्ये तर १९८६ च्या शिक्षण कायद्यानेच विद्यापीठांवर पाहुण्या वक्त्यांचे भाषणस्वातंत्र्य सांभाळण्याचे कर्तव्य टाकले होते, आणि तेवढ्याने भागेना म्हणून २०२३ मध्ये आणखी एक कायदा करावा लागला. विद्यार्थ्यांनीच वक्त्यांना अडविण्याचे प्रकार तेथे वाढले होते. ही व्याधी केवळ आपल्याकडची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

निकाल पुस्तकात राहतात आणि माणसे रस्त्यावर मारली जातात, हेही खरे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घरी मारले. सोलापूरला या तिसऱ्या नावाचे विशेष अगत्य असायला हवे. सिद्धेश्वराच्या या नगरीत कन्नड बोलणारी हजारो कुटुंबे आहेत आणि वचन साहित्य त्यांच्या घराघरात आहे. कलबुर्गी त्या साहित्याचे थोर संशोधक आणि हंपीच्या कन्नड विद्यापीठाचे माजी कुलगुरू होते. संशोधनातून निघालेल्या काही निष्कर्षांमुळे त्यांना १९८९ मध्येच आपले लेखन मागे घ्यावे लागले होते. म्हणजे माघार घेतल्याने माणूस वाचतो, हेही खरे ठरले नाही.

बंधुभगिनींनो, येथवर जे सांगितले ते सारे दुसऱ्यांच्या घरचे झाले. ज्याचे मत आपल्याला टोचत नाही त्याच्या स्वातंत्र्यासाठी टाळ्या वाजविणे फार सोपे असते. खरी कसोटी आपल्या घरची.

१० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा अर्थात सल्लेखना ही आत्महत्येच्या कायद्याखाली येते असा निकाल दिला. सर्व समाजाच्या मनावर तो आघात होता. २४ ऑगस्टला देशभर मूक मोर्चे निघाले, बाजारपेठा बंद राहिल्या. आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आता समजा, सोलापुरातील एखाद्या महाविद्यालयाने या विषयावर परिसंवाद ठेवला. दयानंद महाविद्यालय १९४० चे, संगमेश्वर १९५३ चे, विद्यापीठ २००४ पासूनचे. अशा विषयांवर बोलण्यासाठीच ही स्थाने आहेत. आणि समजा, त्या परिसंवादात सल्लेखनेला विरोध करणारा एखादा वकील किंवा डॉक्टर बोलणार आहे. समाजातील चार तरुण कार्यकर्ते विश्वस्तांकडे येतील आणि प्राचार्यांना भेटून हा कार्यक्रम रद्द करायला सांगा म्हणतील. त्या प्राचार्यांच्या संस्थेला या समाजाच्या देणग्याही असतील. आपला शब्द ते मोडणार नाहीत.

त्या दिवशी काय करायचे, याचा निर्णय आज शांतपणे झालेला बरा. कार्यक्रम रद्द करविणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महागडा मार्ग. सल्लेखना म्हणजे निराशेने जीव देणे नव्हे, देह साथ देईनासा झाल्यावर गुरूंच्या अनुज्ञेने, कषाय मंद करीत, क्रमाक्रमाने केलेला आहारत्याग होय, हे सांगणारा अभ्यासक त्याच व्यासपीठावर पाठविता येतो. महाविद्यालयातील तीनशे मुलांपैकी दोनशे नव्वद मुलांनी हा शब्द फक्त बातमीत वाचलेला असतो. विरोधकाला गप्प बसविले तर त्यांच्या मनात एवढेच राहील की या लोकांकडे उत्तर नव्हते. सर्वोच्च न्यायालयाची स्थगितीही विरुद्ध बाजूच्या वकिलाला दालनाबाहेर ठेवून मिळालेली नाही.

हे सांगताना पूर्वसूरींचा एक दाखला डोळ्यांपुढे येतो. जयराशी भट्ट नावाचा एक तत्त्वज्ञ आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास होऊन गेला. त्याचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा ग्रंथ म्हणजे सगळ्या दर्शनांवर फिरविलेला नांगर. आत्मा, परलोक, कर्म, प्रमाणे, काहीच त्याने शिल्लक ठेवले नाही. बौद्ध, नैयायिक, मीमांसक आणि जैन, कोणालाही सोडले नाही. चार्वाक परंपरेशी जोडला जाणारा, पूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेला हा बहुधा एकच ग्रंथ. तो कोठे सापडला? १९२६ मध्ये गुजरातेतील पाटणच्या जैन ज्ञानभांडारात, ताडपत्रावर. दुसरी प्रत नव्हती. पंडित सुखलालजी संघवी आणि रसिकलाल परीख यांनी त्याचे संपादन केले आणि १९४० मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो प्रसिद्ध झाला. सुखलालजी लहानपणी देवीच्या रोगाने अंध झालेले. दुसऱ्याच्या तोंडून ऐकत ऐकत त्यांनी आपल्याच सिद्धान्तांची चिरफाड करणारा ग्रंथ ओळ न ओळ शुद्ध केला.

कल्पना करावी. ते ताडपत्र शेकडो वर्षे सांभाळले गेले. त्या काळात पाटणवर स्वाऱ्या झाल्या, सत्ता बदलल्या, पोथ्या वाळवीपासून आणि दमटपणापासून जपण्यासाठी श्रावकांनी बासने बांधली, ज्ञानपंचमीला ती उघडून झटकली, पुन्हा बांधली. ज्या पोथीत आपला देव, आपला गुरू, आपला धर्म काहीच खरे नाही असे लिहिले आहे, तिच्या बासनालाही तेच कापड वापरले गेले. ती जाळून टाकावी असे कोणाला सुचले नाही. स्याद्वाद शिकलेल्या माणसाला समोरच्याचा पक्ष पूर्ण ऐकल्याखेरीज आपला पक्ष मांडता येत नसे, म्हणून तर शत्रुपक्षाच्या ग्रंथाची इतकी निगा. हरिभद्रसूरींचा ‘षड्दर्शनसमुच्चय’ परदर्शनांची मांडणी किती प्रामाणिकपणे करतो, हे अभ्यासक आजही वाखाणतात.

ट्रस्टच्या सभागृहाची नूतन वास्तू सुवर्णमहोत्सवी वर्षात उभी राहत आहे, आणि तेथे दरवर्षी व्याख्यानमाला घेण्याचा विश्वस्तांचा मानस आहे. त्यासाठी एक छोटी नियमावली आताच करून ठेवता येईल. वक्त्याची निवड सभेत, बहुमताने, इतिवृत्तात नोंदवून व्हावी. प्रत्येक व्याख्यानानंतर अर्धा तास प्रश्नोत्तरांसाठी राखावा आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मान ज्याचा सर्वांत जास्त विरोध असेल त्याला द्यावा. आक्षेप लेखी घ्यावा, तोंडी किंवा दूरध्वनीवर नव्हे. बंदोबस्ताचे पत्र पोलीस ठाण्यात आठ दिवस आधी जावे आणि त्याची पोच फाईलला लावावी. आमंत्रण मागे घेण्याचा अधिकार कोणाही एका पदाधिकाऱ्याकडे नसावा. त्यासाठी पुन्हा पूर्ण सभा बोलावावी, आणि ज्यांनी मागे घेण्याच्या बाजूने मत दिले त्यांची नावे इतिवृत्तात लिहिली जावीत. सल्लेखनेवरील परिसंवाद पहिल्याच वर्षी ठेवला, आणि विरोधी बाजूच्या वक्त्याच्या येण्याजाण्याचा खर्च ट्रस्टने उचलला, तर त्या खर्चाला हिशेबतपासनीसांचा आक्षेप येण्याचे काही कारण नाही.